फाइलवरचा शिक्का निघाल्याचा की पोचल्याचा?

माझी एक मैत्रीण पाककृतींचं छोटं संकेतस्थळ चालवते. सगळा मजकूर साध्या फाइलींमध्ये, फाइली गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनात. बदल वर चढवला की कुठल्यातरी सर्व्हरवर त्या फाइली नव्याने उतरतात, त्यांची पानं बनतात आणि संकेतस्थळ ताजं होतं. एका रात्री तिचा फोन आला. “अरे, उकडीच्या मोदकांचं पान २०१९ सालचं आहे. हातही लावलेला नाही मी त्याला. तरी खाली ‘शेवटचा बदल : आज’ असं येतंय. आणि त्याच एका पानाखाली नाही, सगळ्या पानांखाली!” तिने त्या दिवशी केलं होतं एवढंच, की अळूवडीच्या पानावर ‘चिंच’ला वेलांटी दीर्घ पडली होती ती ऱ्हस्व केली.

मी विचारलं, “तारीख कुठून घेतेस?” ती म्हणाली, “फाइलचीच. दुसरीकडून कुठून घेणार?”

इथेच गाठ होती. फाइलला तारीख असते हे आपण गृहीत धरतो, पण ती तारीख कसली, हे सहसा कोणी विचारत नाही.

जुनं आंतर्देशीय पत्र आठवून बघा. आत वरच्या कोपऱ्यात लिहिणाऱ्याने घातलेली तारीख. बाहेर तिकिटावर, पत्र जिथून निघालं त्या टपाल कचेरीचा शिक्का. आणि आणखी कुठेतरी, बहुतेक वेळा अर्धवट उमटलेला, पोचलेल्या गावचा शिक्का. तिन्ही तारखा खऱ्या, तिन्ही वेगळ्या. मामाने पत्र सोमवारी लिहिलं, बुधवारी पेटीत टाकलं, शनिवारी घरी आलं. “पत्र कधीचं?” या प्रश्नाला कोणती तारीख सांगायची, ते विचारणाऱ्याला काय हवंय त्यावर ठरतं.

गिटमध्येही अशाच तीन तारखा आहेत. गिटमध्ये बदलाची जी नोंद होते तिला कमिट म्हणतात. प्रत्येक कमिटमध्ये लेखकाची तारीख असते, म्हणजे बदल मुळात केला ती वेळ. त्याच कमिटमध्ये कमिट करणाऱ्याची तारीखही असते, म्हणजे तो बदल आत्ताच्या रूपात इतिहासात नोंदवला ती वेळ. एरवी दोन्ही सारख्याच असतात, पण तुम्ही रीबेस केलंत (जुनी कमिटं नव्या पायावर पुन्हा मांडलीत) किंवा आधीचं कमिट दुरुस्त केलंत की पहिली तशीच राहते आणि दुसरी बदलते. साधं ‘गिट लॉग’ पहिलीच दाखवतं, म्हणून दुसरी असते हेही कित्येकांना ठाऊक नसतं. फॉरमॅट म्हणून ‘फुलर’ मागितलं की दोन्ही एकाखाली एक दिसतात. वेळ लिहिताना गिट १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं आणि शेजारी आपल्याकडचं +०५३० जोडतं, त्यामुळे पुण्यातल्या आणि न्यू जर्सीतल्या दोघांची कमिटं एकमेकांशी नीट ताडून बघता येतात.

तिसरी तारीख मात्र गिटच्या भांडारात कुठेच नाही. ती तुमच्या डिस्कवर असते, फाइलीच्या शेजारी, आणि ती ठेवते तुमची ऑपरेटिंग सिस्टिम. युनिक्सच्या घराण्यात तिला एमटाइम म्हणतात : फाइलीतला मजकूर या यंत्रावर शेवटचा कधी लिहिला गेला. (शेजारी सीटाइम नावाची आणखी एक वेळ असते. त्यातला ‘सी’ म्हणजे क्रिएशन असं भलेभले समजतात. तो ‘चेंज’चा आहे. फाइलीचे हक्क किंवा नाव बदललं तरी ती वेळ हलते.)

भांडारात ही तारीख का नाही, ते गिटच्या रचनेतच दिसतं. गिट फाइलीचा मजकूर वेगळा ठेवतं, त्याला ब्लॉब म्हणतात. ब्लॉबमध्ये नुसता मजकूर असतो, फाइलीचं नावसुद्धा नाही. नावं ट्री नावाच्या यादीत असतात : हे नाव, हा मजकूर, आणि ही फाइल चालवता येते की नाही एवढी एक खूण. वेळेसाठी रकानाच नाही. वेळ फक्त कमिटवर, म्हणजे सगळ्या प्रकल्पाच्या एका क्षणचित्रावर. म्हणून तुम्ही प्रकल्प क्लोन करता, म्हणजे त्याची प्रत आपल्या यंत्रावर उतरवता, तेव्हा गिट फाइली डिस्कवर लिहितं आणि ऑपरेटिंग सिस्टिम तिच्या रीतीप्रमाणे त्यावर आत्ताची वेळ मारते. तो पोचल्याचा शिक्का. मैत्रिणीच्या सर्व्हरवर प्रत्येक वेळी फाइली नव्याने पोचत होत्या, म्हणून प्रत्येक वेळी सगळी पानं ‘आज’ची होत होती.

आता कोणीही म्हणेल, मग गिटने उतरवतानाच जुनी तारीख का लावू नये? माहिती तर आहे त्याच्याकडे. मीही एकदा असंच म्हटलं होतं, आणि त्याची किंमत अर्ध्या दिवसात मोजली होती.

एक चौकट आणि अर्धा दिवस

तेव्हा मी एका कंपनीत सबव्हर्जनवर, म्हणजे गिटसारखंच काम करणाऱ्या दुसऱ्या एका साधनावर, काम करत होतो. विंडोजवर सबव्हर्जन वापरणारे बहुतेक जण टॉर्टॉइस एसव्हीएन घेतात. त्याच्या सेटिंगमध्ये पहिल्याच पानावर एक चौकट आहे : फाइलींच्या तारखा शेवटच्या कमिटच्या वेळेवर ठेवायच्या का? मी टिचकी मारली. फोल्डर उघडल्यावर कोणती फाइल जुनी, कोणती नवी, हे एका नजरेत दिसायला लागलं. छान वाटलं.

पुढे काय झालं ते घड्याळ लावूनच सांगतो. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने दुपारी ३:०० वाजता व्याजाच्या हिशेबाच्या फाइलीतली एक चूक दुरुस्त करून कमिट केलं. मी मात्र माझ्या जुन्याच प्रतीवर काम करत होतो आणि ४:१० ला मी सगळा प्रकल्प बिल्ड केला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवला. त्या फाइलीपासून बनलेल्या ऑब्जेक्ट फाइलीवर (कोडच्या यंत्राला कळणाऱ्या रूपावर) वेळ पडली ४:१०. मग ४:३० ला मी अपडेट घेतलं. सहकाऱ्याची दुरुस्त फाइल माझ्याकडे आली, आणि मी मारलेल्या टिचकीला जागून टॉर्टॉइसने तिच्यावर तारीख घातली ३:०० ची.

मी पुन्हा बिल्ड केलं. दोन सेकंदांत संपलं. चाचणी घेतली, चूक तशीच. सहकाऱ्याला म्हटलं, “तुझी दुरुस्ती चालत नाहीये.” तो म्हणाला, “माझ्याकडे चालतेय, ये बघायला.” मग आम्ही दोघांनी रात्रीपर्यंत कोड ओळीओळीने वाचला. कोडमध्ये काहीच चूक नव्हती. जे बायनरी मी चालवत होतो, त्यात तो कोडच नव्हता.

कारण बिल्ड करणाऱ्या साधनाला मजकूर कळत नाही, तारखा कळतात. ‘मेक’ हे त्यातलं आद्य साधन. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं, आणि त्याचा नियम आजही एका वाक्यात बसतो : मूळ फाइल तिच्यापासून बनलेल्या फाइलीपेक्षा नवी असेल तरच पुन्हा बनवा. मूळ ३:०० ची, बनलेली ४:१० ची. बनलेलीच नवी. म्हणजे काही करायला नको. मेकच्या बाजूने हा हिशेब अगदी चोख आहे. त्याला हवा होता पोचल्याचा शिक्का, ४:३० चा, आणि मी त्यावर निघाल्याचा शिक्का चिकटवून ठेवला होता.

यात कोणी मुद्दाम जुन्या आवृत्तीवर गेलेलंही नव्हतं. लोकांना वाटतं, जुन्या शाखेवर (प्रकल्पाच्या वेगळ्या ठेवलेल्या जुन्या प्रवाहावर) उडी मारली तरच हा घोळ होतो. दोन माणसं एकाच दिवशी एकाच प्रकल्पावर काम करतात, एवढंच त्याला पुरतं. जुन्या शाखेवर गेलात तर घोळ हमखास होतो : मार्चमधली फाइल मार्चची तारीख घेऊन उतरते, कालची ऑब्जेक्ट फाइल तिच्यापेक्षा नवीच ठरते, आणि तुम्ही जुना कोड समोर ठेवून नवा प्रोग्रॅम चालवत बसता.

ही गोष्ट जुन्या जाणत्यांना पहिल्यापासून माहीत होती. वॉल्टर टिची यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पर्ड्यू विद्यापीठात आरसीएस हे आवृत्त्या सांभाळणारं साधन लिहिलं. त्यात फाइल बाहेर काढताना आवृत्तीची तारीख लावायची सोय आहे, आणि माहितीपानावर त्या सोयीखालीच इशारा आहे, की हे जपून वापरा, मेकचा गोंधळ उडू शकतो. टॉर्टॉइसच्या माहितीपुस्तिकेतही त्या चौकटीपाशी हेच सांगितलंय. ती मी टिचकी मारल्यानंतर वाचली.

सबव्हर्जनमध्ये एक ओळ, गिटमध्ये एक वणवण

सबव्हर्जनची ही सेटिंग टॉर्टॉइसपुरती नाही. मूळ सबव्हर्जनच्या कॉन्फिग फाइलीत ‘मिसलेनी’ नावाचा भाग आहे. त्यात यूज, कमिट, टाइम्स हे तीन शब्द मधे जोडरेघा देऊन लिहायचे आणि त्याची किंमत ‘येस’ ठेवायची. मुळात ती ‘नो’ असते. लिनक्सवर ही फाइल तुमच्या घरच्या फोल्डरमधल्या टिंबाने सुरू होणाऱ्या सबव्हर्जन फोल्डरात सापडते, विंडोजवर ॲप डेटाच्या रोमिंगमध्ये. चेकआउट (प्रत उतरवणं), अपडेट, स्विच (शाखा बदलणं) आणि रिव्हर्ट (बदल मागे घेणं) या चार कामांत ज्या फाइलींना हात लागेल त्यांवर तेव्हापासून कमिटची तारीख पडते. आधी उतरलेल्या फाइली आपोआप बदलत नाहीत.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. ही सेटिंग माणसापुरती आणि यंत्रापुरती असते, प्रकल्पासोबत ती जात नाही. म्हणजे एकाच चमूत एकाकडे चालू आणि दुसऱ्याकडे बंद असं खुशाल असू शकतं, आणि “माझ्याकडे चालतंय” या वाक्याला खतपाणी मिळतं. दुसरं, ती कायमची चालू करायची गरज नाही. एखाद्याच चेकआउटला हवी असेल तर आज्ञेसोबत कॉन्फिग ऑप्शन म्हणून ही किंमत त्या वेळेपुरती देता येते. कागदपत्रांचं भांडार वेगळ्या फोल्डरात उतरवायचं असेल तर मी हेच करतो. कोडच्या भांडाराला हात लावत नाही. परफोर्स हे असंच आणखी एक साधन वापरणाऱ्यांकडे हीच सोय वर्कस्पेसच्या पर्यायांत ‘मॉडटाइम’ या नावाने आहे, आणि तिथेही ती मुळात बंदच असते.

गिटमध्ये अशी एका ओळीची सेटिंगच नाही. ती नाही यामागे मेकचं कारण आहेच, पण आणखीही एक आहे, जे मला जास्त रंजक वाटतं. सबव्हर्जन प्रत्येक फाइलीसाठी ‘ही शेवटची कुठल्या आवृत्तीत बदलली’ हे लिहून ठेवतं. विचारलं की लगेच उत्तर. गिटला फाइलीचा इतिहास असतो हेच ठाऊक नाही. त्याच्याकडे आहेत प्रकल्पाची क्षणचित्रं, एकामागे एक. मोदकांची फाइल शेवटची कधी बदलली, हे सांगायचं तर गिटला आजच्या चित्रापासून मागे चालत जावं लागतं, प्रत्येक दोन चित्रं शेजारी ठेवून बघावी लागतात, आणि जिथे त्या फाइलीत फरक दिसेल तिथे थांबावं लागतं. शाखा मर्ज, म्हणजे एकत्र, झालेल्या असतील तर कोणत्या वाटेने चालायचं हाही प्रश्नच.

म्हणून गिटमध्ये तारखा परत लावायच्या तर ते काम बाहेरून करावं लागतं. सरधोपट मार्ग म्हणजे प्रत्येक फाइलीसाठी ‘गिट लॉग’ला शेवटच्या एका कमिटची वेळ विचारायची आणि ‘टच’ या फाइलीची वेळ बदलणाऱ्या आज्ञेने ती लावायची. शंभर फाइलींना चालून जातं. दहा हजार फाइली असतील तर चहा करून या, कारण प्रत्येक फाइलीसाठी ती मागे चालत जाण्याची वणवण नव्याने होते. शहाणा मार्ग असा, की इतिहासात एकदाच मागे चालत जायचं आणि वाटेत जी जी फाइल पहिल्यांदा भेटेल तिची वेळ टिपून घ्यायची. गिट-रीस्टोअर-एमटाइम नावाचं साधन साधारण हेच करतं, आणि डेबियन लिनक्समध्ये ते तयार मिळतं. चेकआउटनंतर गिट आपोआप चालवतं त्या पोस्ट-चेकआउट हुकमध्ये असं काही घालावं का, तर जिथे बिल्ड होतो त्या भांडारात मुळीच घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेर द्यायची गठडीच बांधायची असेल तर ‘गिट आर्काइव्ह’ आहे. त्याला कमिट किंवा टॅग (कमिटला दिलेलं नाव) सांगितला तर गठडीतल्या सगळ्या फाइलींवर त्या कमिटची वेळ पडते. प्रत्येक फाइलीची वेगळी नाही, सगळ्यांची एकच. पण निदान ती वेळ यंत्रागणिक बदलत नाही.

पोचल्याच्या शिक्क्याने बिघडणारी कामं

मेकची बाजू इतकी घेतल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण पोचल्याच्या शिक्क्यामुळे खरोखर अडणारी कामं आहेत.

आरसिंक घ्या. ते सर्व्हरवर फाइली पाठवताना आधी आकार आणि एमटाइम बघतं. दोन्ही जुळले तर फाइल सोडून पुढे जातं. ताज्या क्लोनमधून पाठवलंत तर एकही तारीख जुळत नाही आणि प्रत्येक फाइल त्याला संशयास्पद वाटते. याला तारखा बदलण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे आरसिंकला चेकसमवर, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या आकड्यावर, तुलना करायला सांगणं. वाचन वाढतं, पण उत्तर खरं येतं.

वेब सर्व्हरचं दुखणं जास्त छुपं आहे. एनजिनएक्स प्रत्येक स्थिर फाइलीला जो ईटॅग, म्हणजे आवृत्ती ओळखायची खूण, देतं, तो फाइलीची वेळ आणि आकार यांपासून बनवतं. समजा दोन सर्व्हर शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हीकडे आपापलं गिट पुल होतं, म्हणजे नवे बदल ओढून घेतले जातात. मजकूर तोच, आकार तोच, पण एकावर वेळ ११:०२:१४ आणि दुसऱ्यावर ११:०२:१९. ईटॅग वेगळे. वाचकाचा ब्राउझर एकदा या सर्व्हरवर आणि एकदा त्या सर्व्हरवर गेला की आधी घेतलेलं चित्र पुन्हा उतरवतो. इथे कमिटची तारीख लावली तर फायदाच आहे, कारण तिथे बिल्ड होत नाही.

तिसरं काम सीआयचं, म्हणजे बदल आला की सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या बिल्डचं. प्रत्येक बिल्डला ताजा क्लोन, पण ऑब्जेक्ट फाइली मागच्या बिल्डच्या, साठवलेल्या. सगळा स्रोत ‘आत्ताचा’, म्हणून साठवलेलं सगळं शिळं ठरतं आणि चाळीस मिनिटांचं काम पुन्हा पहिल्यापासून. मग लोक तारखा परत लावतात, आणि नेमका माझा ३:०० विरुद्ध ४:१० चा खड्डा स्वतःसाठी खणतात. यापेक्षा तारखांवर न चालणारी साधनं घ्यावीत. सीकॅश किंवा बेझेल मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) बघतात, पुन्हा बनवायचं की नाही हे कोणता शिक्का नवा यावरून ठरवत नाहीत. आणि दोन शाखांमध्ये सारखं ये-जा करून पूर्ण बिल्ड पुन्हा पुन्हा होत असेल, तर ‘गिट वर्कट्री’ने दोन शाखा दोन फोल्डरांत ठेवा. तारखांना हात लावायची वेळच येत नाही.

गंमत म्हणजे गिट स्वतःही एमटाइमवर विसंबून असतं. ‘गिट स्टेटस’ चटकन उत्तर देतं, कारण प्रत्येक फाइलीची वेळ आणि आकार त्याने इंडेक्स नावाच्या आपल्या यादीत टिपून ठेवलेले असतात. जुळलं तर मजकूर उघडत नाही. तारखा बाहेरून बदलल्यात तर पुढचं एक स्टेटस जरा रेंगाळतं, कारण ते फाइली वाचून खात्री करून घेतं. मोडत काही नाही.

आणि एक सावधगिरी. कमिटच्या दोन्ही तारखा करणाऱ्याच्या संगणकाच्या घड्याळावरून येतात, आणि एन्व्हायरन्मेंटमधली, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगमधली, दोन चलं बदलून हव्या त्या ठेवता येतात. वादात कोणी गिटची तारीख पुरावा म्हणून पुढे केली तर तिला टपालाच्या शिक्क्याचं वजन देऊ नका. हा शिक्का ज्याचा त्याने स्वतःच मारलेला असतो.

मैत्रिणीकडे परत येऊ. तिचं संकेतस्थळ ह्यूगो या फाइलींपासून पानं बनवणाऱ्या साधनावर आहे. ह्यूगोला गिटमधून तारीख घ्यायला सांगायची सेटिंग आहे, ती चालू केली. तिच्या लॅपटॉपवर सगळं झकास दिसलं. वर चढवलं, तर पुन्हा सगळी पानं एकाच तारखेची. रात्रीचे अकरा वाजले होते. शेवटी लक्षात आलं, की पानं बनवणारा सर्व्हर वेळ वाचवायला फक्त शेवटचं एक कमिट उतरवून घेत होता. उथळ क्लोन म्हणतात तो. गिटहब या गिटची भांडारं ठेवणाऱ्या सेवेच्या ठरलेल्या चेकआउट पायरीतही न सांगितल्यास खोली (किती कमिटं मागे जायचं तो आकडा) एकच असते. इतिहासात एकच कमिट असेल तर सगळ्या फाइली त्याच कमिटात जन्मल्यासारख्या दिसणार. खोली शून्य केली, म्हणजे सगळा इतिहास मागवला, आणि तारखा वेगवेगळ्या झाल्या.

पण मोदकांखाली २०१९ आलं नाही. २०२२ आलं. त्या वर्षी तिने सगळ्या पाककृती एका फोल्डरातून उचलून गोडाच्या आणि तिखटाच्या अशा दोन फोल्डरांत टाकल्या होत्या. गिटच्या लेखी तो त्या फाइलीचा शेवटचा बदल. चुकीचं काहीच नव्हतं त्यात.

“मग मी काय करू?” तिने विचारलं.

तिने जे केलं ते असं. ह्यूगोच्या सेटिंगमध्ये तारखेचे स्रोत कुठल्या क्रमाने बघायचे ते ठरवता येतं. मुळात गिट पहिलं असतं. तिने फाइलीत लिहिलेली तारीख पहिली केली आणि गिटला मागे ढकललं. मग मोदकांची फाइल उघडली आणि अगदी वर, शीर्षकाच्या खाली, स्वतःच्या हाताने तारीख घातली. २०१९ चा गणेशोत्सव नेमका कोणत्या तारखेला सुरू झाला ते तिने कॅलेंडरात बघून घेतलं. २ सप्टेंबर.